कुत्रा आडवा आला नव्हता

(मिरजेत एका अभ्यासिकेच्या कार्यक्रमात तरुण मुलामुलींसमोर केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



तुमच्या अभ्यासिकेच्या भाईंनी फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, विषय काय ठेवायचा? करिअरवर बोला, एआयवर बोला, सॉफ्टवेअरमध्ये नोकऱ्या राहणार की नाही ते सांगा. मी म्हटलं, मोटारसायकल हळू कशी चालवायची यावर बोलतो. पलीकडे थोडा वेळ आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, "हळू?" मी म्हटलं, हो, हळू. जोरात चालवायला तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही, ते मी रोज खिडकीतून बघतो.

बाहेर लावलेल्या गाड्या येताना मोजल्या. बावीस आहेत. म्हणजे विषय अगदीच परका नाही.

आधी माझी लाज सांगतो. तेहेतीस वर्षांचा होईपर्यंत मला मोटारसायकल येत नव्हती. इंजिनियरिंगची चार वर्षं मी मित्रांच्या मागे डबल सीट बसून काढली. पुण्यात नोकरी लागली तेव्हा कंपनीची बस होती, नंतर ओला-उबर आलं. कुणी विचारलं तर "प्रदूषण वाढतं ना" असं काहीतरी सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. सतरा वर्षांचा असताना एका मित्राची नवी गाडी मी उभ्या उभ्या पाडली होती. चालू करायच्या आधीच. दहा-बारा मुलं हसली, आणि त्यानंतर मी गाडीला हात लावला नाही. मुलाला गाडी येत नाही हे आपल्याकडे कबूल करणं फार अवघड आहे. मुलीला येत नसेल तर कुणी काही म्हणत नाही, उलट येत असेल तर म्हणतात. हा वेगळाच विषय आहे, पण नोंद करून ठेवा.

लॉकडाऊननंतर घरून काम सुरू झालं. पुण्यातलं भाड्याचं घर सोडून २०२१ मध्ये आम्ही मिरजेला परत आलो. अब्बा टेलर आहेत. तुमच्यातल्या काहींच्या शाळेच्या पँटी त्यांनीच शिवल्या असतील. त्यांच्याकडे जुनी स्प्लेंडर आहे, घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढंच तिचं आयुष्य. पण त्यांना काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. आमच्या बोळात रिक्षा वळत नाही, तोंडाशी सोडते. म्हणजे आता त्यांना ने-आण करणारा हवा. घरात मी, आणि मला गाडी येत नाही.

मग शिकलो. म्हणजे मला वाटलं की शिकलो. एका मित्राने दोन रविवारी हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर नेलं. क्लच दाब, गिअर टाक, सोड, रेस दे. अर्ध्या तासात मी चाळीसच्या वेगाने जात होतो आणि वाटलं, अरे, एवढंच होतं? यासाठी सोळा वर्षं घाबरलो? लर्निंग लायसन्स काढलं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते, तशी दिली. कुठल्या आरटीओत ते सांगत नाही. आठचा आकडा काढायचा होता. मी दोन्ही पाय बदकासारखे खाली सोडून, जमिनीला टेकवत टेकवत तो काढला. साहेब कागद बघत होते. पास झालो.

आता तो दिवस. डिसेंबर २०२२. संध्याकाळी दुकान बंद करून अब्बा मागे बसले. मुख्य रस्त्यावरून उजवीकडे आमच्या बोळात वळायचं होतं. कोपऱ्यावर कुणाचं तरी बांधकाम चालू होतं आणि वाळूचा ढीग अर्ध्या वाटेवर आला होता. मी हँडल पूर्ण वळवलं. नजर गेली वाळूवर. वाटलं, आता चाक त्यात घुसणार. आणि उजव्या हाताने पुढचा ब्रेक गच्च दाबला.

गाडी जागच्या जागी उजवीकडे कलंडली. घसरली नाही, आपटली नाही. झाड पडतं तशी, सावकाश. वेग किती असेल? माणूस चालतो तेवढा. मी पाय टेकवायचा प्रयत्न केला, पण गाडीचंच वजन ११० किलोच्या आसपास, त्यात आम्ही दोघं. एका पायाने ते पेलत नाही. अब्बांनी पडताना हात पुढे केला, सगळेच करतात तसा. उजवा हात. मनगट मोडलं.

डोक्याला लागलं नाही हे नशीब. हेल्मेट नव्हतं त्यांच्या डोक्यावर. माझ्या होतं. कायद्याने मागच्यालाही लागतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये तसं आहे, आणि मी त्या दिवशी ते वाचलेलंही होतं, कारण परीक्षेला होतं.

लोक जमले. रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, चाचा, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत अब्बा म्हणाले, "कुत्ता आडा आया."

मी गप्प बसलो.

इथपर्यंत ठीक होतं, म्हणजे माफ करण्यासारखं होतं. बापाने पोराची लाज राखली. पण खोटं गल्लीत आलं की ते एकटं राहत नाही. दुसऱ्या दिवशी बघायला आलेल्यांनी कुत्र्यांचा विषय काढला. कुणाच्या नातवाच्या मागे लागलं होतं, कुणाची बकरी चावली होती. प्रश्न खराच आहे, मी नाकारत नाही. चार दिवसांत ठरलं की महापालिकेला अर्ज द्यायचा. अर्ज कोण लिहिणार? इंजिनियर लिहिणार, त्याच्याकडे लॅपटॉप आहे. आणि मी बसून टाईप केला. पहिलं उदाहरण अब्बांचं. तारीख, वेळ, "अचानक कुत्रा आडवा आल्याने वाहन घसरून". खाली बत्तीस सह्या, त्यातली पहिली माझी.

आमच्या बोळात एक तपकिरी कुत्रं असायचं. कुणाच्या अध्यातमध्यात नसलेलं. अर्ज जायच्या आधीच पोरांनी त्याला दगड मारून मारून लंगडं केलं. "ह्यानंच चाचांना पाडलं." मी खिडकीतून बघत होतो.

त्याच आठवड्यात ऑफिसात आमची एक सिस्टीम तीन तास बंद पडली होती. आमच्या क्षेत्रात असं झालं की नंतर एक टिपण लिहावं लागतं, त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. काय झालं, कधी झालं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलणार. एका मुलाने त्यात लिहिलं, "नेटवर्कमध्ये अचानक अडचण आली." मी त्याला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकवलं, की असं लिहू नको, कारण चुकीचं लिहिलंस तर दुरुस्तीही चुकीच्या जागी होणार. हे बोलून मी लॅपटॉप मिटला आणि शेजारच्या खोलीत बघितलं. अम्मी अब्बांना घास भरवत होती. उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने जेवायला ते तयार नव्हते. आणि हा माणूस चाळीस वर्षं कात्री धरणारा.

मग मी विचार करायला लागलो की खरंच काय झालं होतं. याआधी केलाच नव्हता, कारण कारण ठरलेलं होतं ना, कुत्रा.

आता थोडं विज्ञान. कंटाळा येईल, पण पाच मिनिटं सहन करा. रिकामी सायकल ढकलून सोडून दिली तर ती काही अंतर आपली आपण उभी जाते. हे का होतं यावर शंभराहून जास्त वर्षं डोकेफोड चालू आहे. १८९९ मध्ये व्हिपल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने त्याची समीकरणं मांडली. बरेच लोक म्हणायचे, फिरणाऱ्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे ती उभी राहते. १९७० मध्ये डेव्हिड जोन्सने त्यावर एक खोड काढली. सायकलला उलटं फिरणारं एक जादा चाक बसवलं, म्हणजे भोवऱ्याचा परिणाम गेला, आणि तरी ती सायकल चालवता येत होती. २०११ मध्ये नेदरलँड्समधलं डेल्फ्ट आणि अमेरिकेतलं कॉर्नेल इथल्या संशोधकांनी आणखी पुढे जाऊन एक विचित्र सायकल बनवली. भोवऱ्याचा परिणाम काढला, पुढच्या चाकाच्या रचनेचा जो परंपरागत फायदा सांगतात तोही काढला, आणि ती तरीही स्वतःला सावरत होती. 'सायन्स'मध्ये तो पेपर छापून आला.

यातून आपल्या कामाची गोष्ट एवढी, की वेगात असलेली दुचाकी ज्या बाजूला कलते त्या बाजूला तिचं हँडल थोडं आपोआप वळतं, आणि त्यामुळे ती परत उभी होते. वेग एका मर्यादेखाली गेला की हे आपोआप होणं बंद पडतं. मग ते काम चालवणाऱ्याने करायचं असतं. म्हणजे चाळीसच्या वेगाने मी चालवत होतो असं मला वाटत होतं तेव्हा गाडी स्वतःला सांभाळत होती. बोळाच्या तोंडाशी पहिल्यांदा काम माझ्यावर आलं, आणि मला ते येत नव्हतं.

ब्रेकचंही तसंच. वळणात गाडी आतल्या बाजूला कललेली असते आणि पुढे जात असते म्हणून पडत नाही. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की पुढे जाणं एकदम थांबतं, कलणं तसंच राहतं. मग ती आतल्या बाजूलाच पडणार, दुसरीकडे जायला तिला जागाच नाही. उजवीकडे वळत होतो, उजवीकडे पडलो. यात कुत्र्याचा संबंध कुठेच नाही.

हे कागदावर समजलं. पण कागदावर समजून गाडी येत नाही, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. प्रयत्न केला आणि पुन्हा पाडली, या वेळी एकट्यानेच.

मला शिकवलं ते आमच्या दूधवाल्या काकांनी. तुमच्याकडेही येत असतील तसे, गाडीला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून. मी दोन वर्षं त्यांच्याकडून दूध घेत होतो, पण ते गाडी कशी चालवतात हे कधी बघितलं नव्हतं. त्या दिवसांत बघितलं. आमच्या बोळात, जिथे मी पडलो त्याच जागी, दूध भरलेले चार कॅन घेऊन ते वळतात. पाय खाली नाही. समोर पोरं क्रिकेट खेळत असतात, ती बाजूला होईपर्यंत ते जवळजवळ थांबतात, पण थांबत नाहीत. एखाद्या बाईच्या चालीने गाडी पुढे सरकत राहते. मी विचारलं, काका, हे कसं करता? ते म्हणाले, "काय करतो?" त्यांना प्रश्नच कळला नाही.

मग ते रविवारी सकाळी, दूध घालून झाल्यावर, मैदानावर यायला लागले. शिकवायचे पैसे घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा लागायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी गाडी चालूच करू दिली नाही. तिच्यावर बस, आणि डावी-उजवीकडे थोडी थोडी कलव. कुठपर्यंत ती हलकी असते आणि कुठून जड होते ते बघ. सरळ उभी असताना एका बोटाने धरता येते. थोडी कलली की हाताने. त्याच्या पुढे गेली की कुणाच्या बापाला आवरत नाही, सोडून द्यायची आणि बाजूला व्हायचं. सतराव्या वर्षी मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग क्लच. आपल्याला वाटतं क्लच म्हणजे स्विच, दाबला की बंद, सोडला की चालू. तसं नाही. मध्ये एक पट्टा असतो, जिथे तो थोडा धरतो आणि थोडा निसटतो. हळू चालवायचं सगळं गुपित त्या पट्ट्यात आहे. पहिला गिअर, रेस एकसारखी धरायची, कमी-जास्त करायची नाही, आणि वेग क्लचच्या त्या पट्ट्यात बोटांनी कमी-जास्त करायचा. मी विचारलं, क्लच जळणार नाही का? आपल्या नेहमीच्या गाड्यांचा क्लच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे सरावापुरतं असं केलं तर तो सहन करतो. तासभर सलग करू नका, गाडीला मध्ये थंड होऊ द्या, एवढंच.

त्यात उजव्या पायाने मागचा ब्रेक अगदी हलका धरायचा. इंजिन पुढे ओढतंय, ब्रेक मागे धरतोय, आणि गाडी त्या दोघांच्या मध्ये ताणलेल्या दोरीसारखी स्थिर राहते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा गाडीची थरथर थांबली. खरंच थांबली. अंगावर काटा आला. उजवा हात पुढच्या ब्रेकवरून पूर्ण काढायचा, चारही बोटं मुठीवर. वळताना पुढचा ब्रेक या जगात नाहीच असं समजायचं.

इथे एक अडचण आहे, ती तुमच्यासाठी सांगतो, कारण तुमच्या गाड्या नव्या आहेत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस बंधनकारक झालं. सीबीएस असेल तर पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्यामुळे पाय अगदी हलका ठेवा, आणि तुमची गाडी किती दाबल्यावर पुढून धरते ते सरळ रेषेत आधी बघून घ्या. आणि एबीएस आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ते चाक लॉक होऊ देत नाही. कलंडणाऱ्या गाडीला धरून ठेवणं हे त्याचं काम नाही. स्कूटरला क्लच नसतो, तिथे रेस थोडी धरून डाव्या हाताच्या ब्रेकने वेग आवरायचा. माझी बायको स्कूटर शिकली ती याच मैदानावर, आणि माझ्या आधी तिचा आठचा आकडा जमला. ती हे सगळ्यांना सांगते, म्हणून मीच सांगून टाकतो.

सगळ्यात अवघड गेली नजर. काकांनी विटा मांडल्या होत्या आणि मला त्यांच्यामधून जायचं होतं. मी विटेकडे बघायचो आणि विटेवर जायचो. दर वेळी. काका ओरडायचे, "इंजिनियर, खाली काय बगतोयस? खाली बगितलं की खालीच जाणार. जायचंय कुठं? तिकडं मान फिरव." मान म्हणजे नुसते डोळे नाहीत, हनुवटी खांद्यावर येईपर्यंत मान. यू-टर्न घेताना आपण ज्या रस्त्याने परत जाणार त्या रस्त्याच्या टोकाकडे बघायचं, समोरच्या गटाराकडे नाही. वाळूच्या ढिगाकडे तर अजिबात नाही. आणि वेगात वळताना आपण गाडीबरोबर आत झुकतो, हळू वळताना उलटं. गाडी आत कलवायची, अंग बाहेरच्या बाजूला ठेवायचं, बाहेरच्या पायावर थोडा भार. गुडघे टाकीला चिकटलेले, हात सैल. हात ताठ असले की हँडल अडकतं आणि मग पाय खाली येतो.

मी वहीत लिहून ठेवायचो. सवय आहे. पहिल्या रविवारी आठ काढताना एकोणीस वेळा पाय टेकला. दुसऱ्या रविवारी चौदा. तिसऱ्या रविवारी बावीस, वाढलेच. त्या दिवशी मी गाडी उभी करून बसलो आणि म्हटलं, काका, हे माझ्याच्यानं होत नाही. ते बिडी पेटवून म्हणाले, आज कुणी बघायला आलंय का? होती, चार-पाच पोरं कठड्यावर बसून बघत होती. "म्हणून." एवढंच बोलले. सहाव्या रविवारी शून्य.

शाळेत आपण सगळ्यांनी स्लो सायकलची स्पर्धा बघितली आहे, शेवटी पोहोचेल तो जिंकला. आपण तिला गंमत समजतो, लिंबू-चमच्याच्या शेजारची. जपानमध्ये मोटारसायकलच्या लायसन्सच्या परीक्षेत तेच आहे. पंधरा मीटर लांब, तीस सेंटीमीटर रुंद अशी एक पट्टी असते, जमिनीपासून जरा उंच. तिच्यावरून खाली न उतरता जायचं, आणि मोठ्या गाडीच्या लायसन्सला दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लावायचा. लवकर गेलात तर गुण कापतात. मी मैदानावर चुन्याने पट्टी आखून बघितली. पहिल्यांदा चार सेकंदांत संपली, तीही अर्ध्यातून खाली उतरून. आता आठ-नऊ होतात. दहा अजून दोनदाच झाले आहेत.

डबल सीटचा धडा दूधवाल्या काकांनी त्यांच्या भाषेत दिला. म्हणाले, भरलेल्या कॅनचा त्रास नसतो, तो गप बसतो. अर्धा रिकामा झालेला कॅन वाईट, आतलं दूध हिंदकळतं आणि आपण वळलो की ते नंतर वळतं. मागे बसलेला माणूस तसा असतो. त्याला सांगावं लागतं. मी अब्बांना त्या दिवशी काहीच सांगितलं नव्हतं. आता सांगतो, अब्बा, उजवीकडे वळतोय, माझ्या खांद्यावरून उजवीकडेच बघा. एवढ्याने निम्मं काम होतं. बायका एका बाजूला पाय सोडून बसतात तेव्हा वजन त्या बाजूला जातं, ते चालवणाऱ्याला आधी कळायला हवं, रिकाम्या गाडीसारखं वळून चालत नाही. आणि मागच्या चाकाची जाळी. ओढणी, बुरखा, साडी चाकात जाऊ नये म्हणून ती असते, नियमातही आहे. गाडी भारी दिसावी म्हणून तुमच्यातल्या काही जणांनी ती काढून टाकली आहे. बाहेर बावीसपैकी पाच गाड्यांना नाही, मी मोजलं. त्याच गाडीवर उद्या अम्मीला बसवणार ना? लावून घ्या.

तुमच्या वेगाबद्दल मी फार बोलणार नाही. बडी रातला काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होती. अब्बांसारखी पडलेली माणसं या आकड्यात नाहीत, ती कुठेच नाहीत. आणि जे अजून अठराचे नाहीत, त्यांनी लक्षात ठेवा, पकडलं तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दंड पंचवीस हजार आणि शिक्षा पालकाला किंवा गाडीच्या मालकाला होऊ शकते. मुलाला मग पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

आता अर्जाचं सांगायचं राहिलं.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. अब्बा स्पंजचा चेंडू दाबत बसायचे. शिलाई करतात, पण जाड कापडाचं कटिंग आता दुकानातला मुलगा करतो. कात्री पूर्ण दाबली जात नाही. यावर ते कधी बोलले नाहीत. मी एका रात्री त्यांना म्हटलं, अब्बा, मी लोकांना खरं सांगणार आहे. ते म्हणाले, "आता काय गरज? विसरले सगळे." मी म्हटलं, अर्जात आहे. ते म्हणाले, "मग लोक काय म्हणतील, बापाला पाडलं म्हणतील." मी म्हटलं, पाडलंच आहे. ते उठून आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांच्याकडे गेलो. एकतीस घरं. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, की कुत्रा नव्हता, मी चुकीचा ब्रेक दाबला. काही जण हसले. एक चाचा म्हणाले, कुत्र्यांचा त्रास तर आहे ना, मग काय फरक पडतो, राहू दे वाक्य. मी म्हटलं, त्रास आहे तर खरी उदाहरणं लिहू, तुमच्या बकरीचं लिहू. नवा अर्ज केला. त्यात नसबंदी आणि लसीकरणाची मागणी आहे, बकरीचं आहे, नातवाचं आहे, अब्बांचं नाही. सह्या सव्वीस झाल्या. सहा जणांनी केल्या नाहीत, त्यांना माझा राग आला होता. अजून आहे.

त्या तपकिरी कुत्र्याचा पाय तसाच आहे. बोळाच्या तोंडाशीच बसतं. माझी गाडी आली की उठून बाजूला जातं, इतरांच्या गाडीला उठत नाही. आता यावर मी काय बोलणार.

अब्बा परत मागे बसायला पाच महिने लागले. तोपर्यंत ते बोळाच्या तोंडापर्यंत चालत जायचे आणि रिक्षा करायचे. मी कधी म्हटलं नाही की बसा. एका शुक्रवारी मी गाडी काढत होतो तर ते हेल्मेट घालून ओट्यावर उभे होते. टोपीवरून हेल्मेट बसत नव्हतं, म्हणून टोपी खिशात ठेवली होती. बसले. वळणावर आलो तेव्हा त्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झालेला मला कळला, उजवाच. मी म्हटलं, अब्बा, उजवीकडे, दुकानाच्या पाटीकडे बघा. क्लच अर्धा, पाय हलका. वळलो. ते काही बोलले नाहीत. दुकानासमोर उतरल्यावर म्हणाले, "एवढं हळू? नमाजला उशीर होईल अशानं."

ते आज आले आहेत. शेवटून दुसऱ्या ओळीत, भिंतीकडे. हे मी सगळ्यांसमोर बोलणार आहे हे त्यांना काल रात्रीच सांगितलं होतं. मागे वळून बघू नका, त्यांना आवडत नाही.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही मैदानावर असतो. विटा माझ्याकडे आहेत, चुना तुम्ही आणा. मुलींनीही या, माझी बायको असते. गाडीला जाळी नसेल तर काका आधी ती लावून या म्हणून परत पाठवतात, हे आत्ताच सांगून ठेवतो. प्रश्न असतील तर विचारा, पण दहा मिनिटांत आटपू. पाऊस झालाय, कोपऱ्यावर चिखल असणार, आणि मला अब्बांना उजेडात घरी न्यायचं आहे.